रांग चुकवणाऱ्यांची ताई

लाँड्रीतल्या वाफेच्या इस्त्रीपुढे ताईचं अर्धं आयुष्य उभ्यानं गेलं. आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, शेवटी पाठ. पायानं पेडल दाबायचं, वाफ फस्सकन अंगावर यायची, की पुढचा शर्ट. पाय दुखतात असं तिच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. भांडण तर तिला ठाऊकच नव्हतं. पण ती डूख धरणारी होती. एखादी गोष्ट मनाला लागली की ती गुमान गिळायची आणि वर्षानुवर्षं पोटात सांभाळायची. घरच्यांना हे माहीत नव्हतं. घरच्यांना वाटायचं, ताई गरीब गाय आहे.

घर धाकट्या भावाचं. तिची खोली मागच्या बाजूला, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांना लागून. भाऊ शहराच्या बस कंपनीत गाड्यांची वेळापत्रकं बसवायचा, आणि माणसांची गर्दी दिसली की त्याचं डोकं फिरायचं. बाहेर पडताना चेंगराचेंगरी नको म्हणून तो सिनेमा संपायच्या आधीच उठायचा. त्यामुळे लग्न झाल्यापासून त्याच्या बायकोनं एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता.

या भावानं त्या वर्षी सगळ्यांना घेऊन थीम पार्कला जायचं ठरवलं. पार्क दोन होते, एकमेकांना लागून, आणि राहायला जवळच एक लॉज. महिनाभर जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

"सुट्टीत सगळं जग जातं. आपण शाळा चालू असताना जायचं," तो म्हणाला. शाळेत कळवलं की मुलाला, म्हणजे ताईच्या भाच्याला, गालगुंड झालंय आणि भाचीला ताप आहे. "दार उघडायच्या आधी दारात हजर. आत शिरले की सगळे डावीकडे वळतात, आपण उजवीकडे. जेवण भूक लागायच्या आधी. मिरवणूक सुरू झाली की लोक तिकडे धावतात, तेव्हा आपण मोठ्या राईडवर."

"आणि वावटळ?" ताईनं विचारलं.

वावटळ म्हणजे दुसऱ्या पार्कातला सगळ्यात उंच रोलर कोस्टर. भाचीनं तिला मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला होता. माणसं हात वर करून किंचाळत खाली कोसळत होती, आणि ताईनं तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला होता.

"या वयात वावटळ? वन्सं, कवळी उडेल!" भावजय म्हणाली. ताईला कवळी नव्हती. मुलं फिदीफिदी हसली. ताईही हसली, आणि हेही गिळलं.

पहिल्या दिवशी भावाचा पुरता पचका झाला. गर्दी चुकवायच्या त्याच युक्त्या इतर बापांनीही वाचल्या होत्या. दार उघडलं आणि सगळा लोंढा उजवीकडे वळला. डावीकडे शुकशुकाट. वर पाच-सहा शाळांच्या सहली आलेल्या. भावाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. मग त्यानं ताईला रांगेत उभं केलं. "तुला सवय आहे, ताई. आम्ही तोवर खाऊन येतो." ती उभी राहायची, नंबर जवळ आला की चौघं येऊन पुढे घुसायची आणि पिशव्या तिच्या हातात द्यायची. मागच्यांच्या शिव्या ताईनं खायच्या. दिवसभरात ती एकाही राईडवर बसली नाही.

"उद्या वावटळ नक्की," संध्याकाळी भाऊ म्हणाला. तो लॉजच्या खिडकीत उभा होता. पार्कातून परतणारी माणसं बघता बघता त्याला काहीतरी दिसलं असावं, कारण एकदम त्याची कळी खुलली. बायकोला आणि मुलांना त्यानं बाहेरच्या गच्चीवर नेलं. आत बसलेल्या ताईला त्यांचं हसणं तेवढं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पार्कच्या दाराशी भाऊ एक चाकांची खुर्ची ढकलत आला.

"बस, ताई."

"कुणाची आहे?"

"तुझीच. भाड्यानं घेतली. खुर्चीवाल्यांना बाजूच्या दारानं सोडतात, बरोबरच्या सगळ्यांना. रांग नाही, काही नाही."

"मला काय धाड भरलीय?"

"आजच्यापुरती भरलीय असं समज. मुलांसाठी एवढं नाही करणार?"

भाचा आधीच खुर्चीच्या मागे उभा राहून तोंडानं गाडीचा आवाज काढत होता. ताई बसली. खास या सहलीसाठी घेतलेले कॅनव्हासचे बूट तिनं पायटेकणीवर ठेवले. भावजयीनं तिच्या मांडीवर शाल पसरली आणि म्हणाली, "पाय जास्त हलवू नका."

युक्ती फळली. बाजूचं दार उघडायचं, माणसं अदबीनं बाजूला व्हायची, चौघं आत जायची. ताईला बाहेर पडायच्या वाटेशी, लॉकरच्या भिंतीला लावून ठेवायची. तिच्या मांडीवर टोप्या, बाटल्या, अर्धवट खाल्लेलं आइस्क्रीम. आइस्क्रीम वितळून शालीवर ओघळायचं. एका अनोळखी बाईनं वाकून, लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, "मजा येतेय ना, आजी?" मधेच तिला लघवीला लागली. ती उठू लागली तशी भावजय कानाशी खेकसली, "वन्सं, बसा! लोक बघतायत!" शेवटी भाचीनं तिला नेलं, आणि खुर्ची दाराशी सोडून "लवकर हं, आत्या" म्हणत मोबाइलमध्ये डोकं घातलं.

भाची वाईट नव्हती. घरात तीच एकटी ताईच्या खोलीत येऊन बसायची. पण त्या दिवशी तीही खुशीत होती. एका सकाळीत इतक्या राईड तिच्या कुठल्याच मैत्रिणीनं केल्या नव्हत्या.

मिरवणुकीचे ढोल वाजू लागले आणि भावानं खुर्ची वावटळीकडे वळवली. तिथे मात्र माणसं हलली नव्हती. रांग वेटोळी घालून पार झाडांपर्यंत गेली होती, आणि बाजूचं दार नेमकं त्या रांगेच्या तोंडाशी होतं. दारावर पिवळ्या जाकिटातली एक मुलगी उभी होती.

"यांना वर उचलून बसवावं लागेल का?" तिनं ताईकडे बघत विचारलं.

"छे छे, ती नाही बसायची. ती इथेच थांबेल," भाऊ म्हणाला.

"अरे, तू म्हणाला होतास..." ताई म्हणाली.

"त्यांना बसायचंय वाटतं," मुलगी म्हणाली.

भावानं आवाज खाली आणला, पण फारसा नाही. "तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. पाय तर गेलेच आहेत, पण डोकंही जरा कमी आहे. लहानपणापासूनच. आम्हीच सांभाळतो."

भावजयीनं सुस्कारा सोडला. भाचा हसू दाबायला पाठमोरा झाला.

ताईनं मांडीवरच्या टोप्या, बाटल्या, पिशव्या एकेक करून जमिनीवर ठेवल्या. शालीची घडी घातली, कडेला कड लावून, दुकानात घालते तशी. आणि ती उठून उभी राहिली.

"मला चालता येतं," ती रांगेकडे तोंड करून म्हणाली. ती ओरडली नाही, पण इस्त्रीच्या आवाजावर बोलायची सवय असलेला आवाज होता तो, लांबपर्यंत गेला. "काहीसुद्धा झालेलं नाही मला. सकाळपासून हे असेच पुढे घुसतायत."

मग रांगेतून शिट्टी आली, मागोमाग हुर्यो. उन्हात ताटकळलेल्या माणसांना आयती शिकार मिळाली होती. मोबाइल वर झाले. "पोरांना काय शिकवता रे?" कुणीतरी ओरडलं. कुणीतरी भावावर रिकामी बाटली भिरकावली, ती भाच्याच्या खांद्याला लागली आणि तो भोकाड पसरून रडू लागला.

दोन पहारेकरी आले. चौघांच्या मनगटावरचे प्रवेशाचे पट्टे कापायला सुरुवात झाली. भाचीनं ताईचा दंड धरला. तिच्या समोर कितीतरी मोबाइल रोखलेले होते आणि तिला चेहरा कुठे लपवावा कळत नव्हतं. "आत्या, सांग ना गं त्यांना. चेष्टा केली म्हणून सांग. प्लीज, आत्या."

पिवळ्या जाकिटातल्या मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही यांच्याबरोबरच ना?"

ताईनं भावाकडे पाहिलं. मग भाचीचा हात स्वतःच्या दंडावरून सोडवला.

"नाही. मी कुणाला ओळखत नाही. मी एकटीच आलेय."

ते खरं नाही हे त्या मुलीलाही कळलं असणार. पण तिनं चौघांचे पट्टे काढले आणि ताईचा राहू दिला. "एकटं माणूस असेल तर मधली रिकामी जागा मिळते, त्या बाजूनं जा," एवढंच म्हणाली. मागून भावजयीचे शिव्याशाप आणि भाचीचं रडणं ऐकू येत होतं. ताईनं मान वळवली नाही.

गाडी वर चढताना तिला भीती वाटली नाही. टोकाला गाडी क्षणभर थांबली, खाली सगळी बाग, मिरवणूक, वळवळणाऱ्या रांगा दिसल्या, आणि मग पोटातलं सगळं एकदम घशाशी आलं. ताई किंचाळली. इतक्या मोठ्यानं की शेजारचा माणूस दचकला. खाली उतरल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. ती पुन्हा रांगेत उभी राहिली. पुन्हा बसली.

संध्याकाळी ती लॉजवर गेली तेव्हा खोली रिकामी होती. तिची पिशवी काउंटरपाशी जमिनीवर फेकलेली होती. त्या माणसांनी निरोप ठेवला होता का, असं तिनं विचारलं. "निरोप कसला? ही पिशवी कुणाची ते माहीत नाही म्हणाले," काउंटरवरचा म्हणाला.

ती बसनं परतली आणि सरळ लाँड्रीत गेली. दुकानाच्या वरची पोटमाळ्याची खोली मालकिणीनं तिला दिली. भावानं तिचं सामान पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून फुटपाथवर आणून टाकलं, तेही भर गिऱ्हाइकाच्या वेळी. पुढच्या वर्षी त्यानं सासूला नेलं. सासूचे गुडघे खरोखरच गेलेले होते, म्हणजे कुणी उठून उभं राहायचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशीचा व्हिडिओ मात्र शाळेत पोचला. ताप आलेल्या मुलीला थीम पार्कात रडताना बाईंनीही पाहिलं आणि वर्गानंही. मुलं तिच्यामागे लंगडत चालायची. मधल्या सुट्टीत कुणी तिच्याबरोबर डबा खाईना. वर्ष संपायच्या आधी तिची शाळा बदलावी लागली.

नव्या शाळेची वाट लाँड्रीवरून जाते. पहिल्यांदा भाची दिसली तेव्हा ताई पेडल सोडून दाराशी धावली आणि तिला नावानं हाक मारली. पोरगी थांबली. बरोबर एक नवी मैत्रीण होती.

"कोण गं ती?" मैत्रिणीनं विचारलं.

"काय माहीत," भाची म्हणाली. "असेल कुणी वेडी."

आणि दोघी कोपऱ्यावरून वळून गेल्या. ताई आत आली. इस्त्रीखाली राहिलेला शर्ट पिवळा पडला होता. तिनं तो बाजूला काढला आणि मालकिणीला दाखवायला घेऊन गेली.