हारिसचं एकुलतं एक वाक्य

कुवेतमधल्या अब्बासिया भागातल्या आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, इजिप्तचा होता. कैरोत वीस वर्षं सिनेमात कामं केली, असं तो सांगायचा. कसली कामं, तर कधी वेटर, कधी गर्दीत मार खाणारा. तोंड उघडायची वेळ एकदाही आली नाही. पोरं वाढली, पोट भरेना, म्हणून कुवेतला आला. मला वाटायचं, बाता मारतोय मेला! पाण्याच्या मोटरवरून आमची रोज जुंपायची, तीही मोडक्या हिंदीत.

दोन हजार सालच्या आसपास त्याला कैरोहून बोलावणं आलं. जुन्या ओळखीच्या दिग्दर्शकाने म्हाताऱ्या बापाची भूमिका देऊ केली होती, आणि त्या बापाला चक्क एक वाक्य होतं. इमारतीचा मालक म्हणाला, आधी बदली माणूस दे, मग जा. हारिस जिन्यात डोकं धरून बसला. तावातावाने भांडणारा माणूस असा बसलेला मला बघवेना. तोंडून निघून गेलं, "जा हो तुम्ही, मोटर मी बघते!" नवऱ्याने कपाळाला हात लावला. पंधरा दिवस मी मोटर लावली आणि शेजारणींनी जिने झाडले.

पुढच्या ईदला तो सिनेमा टीव्हीवर लागला. अख्खी इमारत आमच्या हॉलमध्ये जमली. हारिस इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांत पुढे बसला. तो पडद्यावर आला मात्र, आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला. नाटकं बघत वाढलेली माणसं आम्ही, एन्ट्रीला टाळी पडायलाच हवी! टाळ्या थांबल्या तेव्हा पडद्यावर दुसरंच कोणीतरी बोलत होतं.

वीस वर्षं वाट बघितलेलं वाक्य आम्ही खाल्लं होतं. हारिस नुसता टीव्हीकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्यात मागून नाशिकचे शेजारी ओरडले, "वन्स मोअर!" मग सगळेच ओरडू लागले. मी टीव्हीचा आवाज बंद केला.

हारिस उठला, आमच्याकडे वळला आणि ते वाक्य म्हणाला. अरबीतलं, आम्हाला अक्षर कळलं नाही, तरी माझे डोळे भरून आले. कोणी खोकलंसुद्धा नाही. तो गप्प झाला तरी टाळी वाजवायची कोणाची छाती होईना. न जाणो, अजून एखादा शब्द उरला असेल!

शेवटी तोच हसला. "खलास, मदाम. अब ताली बजाओ."