केळीच्या खोडांचा तराफा

सिनेमात घोरल्याबद्दल बायकोने माझ्याशी आठ दिवस अबोला धरला.

चूक माझीच. लग्नाच्या दहाव्या वाढदिवशी आम्ही सावद्याहून जळगावला सिनेमाला गेलो. जहाज बुडतं, भर समुद्रात तराफ्यावर नायक-नायिका दोघंच, तो आपल्या वाट्याचं पाणी तिला पाजतो, अख्खं थिएटर रडतंय आणि मी घोरतोय! (पहाटे चारपासून केळीची कापणी होती, पण सांगता कोणाला?) परतताना वैशाली शेवटचं बोलली, "त्यानं तिच्यासाठी जीव धोक्यात घातला. तुम्हाला साधे डोळे उघडे ठेवता आले नाहीत."

नवव्या दिवशी मला अक्कल सुचली. कापणीनंतरची खोडं शेतात पडलेली होतीच. सहा खोडं ठिबकच्या जुन्या नळीने बांधली, प्लास्टिक अंथरलेल्या आमच्या शेततळ्यात सोडली आणि म्हणालो, "चल, तुला समुद्र दाखवतो!"

ती बोलली नाही, पण बसली.

मधोमध गेल्यावर हातातला बांबू निसटला. मग नळीची गाठ सुटली आणि एक खोड आपल्या वाटेने गेलं. तेव्हा मला आठवलं की आपल्याला पोहता येत नाही! मी वैशालीच्या गळ्यात दोन्ही हात टाकून डोळे घट्ट मिटले. तोंड तिच्या खांद्यात खुपसलं.

तेवढ्यात बांधावर आई आली. आम्हाला तसं बघून तिने पदर तोंडाला लावला आणि आल्या पावली मागे फिरली. वर मजुरांना ओरडून सांगितलं, "नवरा-बायको बोलू ऱ्हायले. कोनी तिकडे जाऊ नका बरं!"

कोणीही आलं नाही. आईचा शब्द आमच्या शेतात कोणी मोडत नाही.

दुसरं खोड सुटलं.

"वैशाली, मी काही वाचत नाही," मी रडकुंडीला येऊन म्हणालो. "पोरांना सांभाळ."

"अहो, आधी माझा गळा सोडा!" आठ दिवसांनी तिचा आवाज ऐकला. "मी तापीकाठची आहे. तुमच्यासारखे दोन ओढून नेईन."

आणि नेलं की! कॉलरला धरून, वर चढायला काठावर बांधलेल्या दोरापर्यंत थेट. प्लास्टिकवरून मी तीनदा घसरलो, तिन्ही वेळा तिने शिव्या घातल्या. शिव्या ऐकून इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

अबोला सुटला, हे खरं. तेव्हापासून वैशाली बोलतेच आहे: भिशीत, हळदीकुंकवाला, माहेरी फोनवर. फक्त माझ्याशी कमी आणि माझ्याबद्दल जास्त!