सोमा तांडेलाच्या शिव्या

सोमा तांडेलाने पहिल्याच भेटीत मला "रांडेच्या!" म्हटलं. तारकर्लीच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून आलो होतो आणि त्याने सुकत घातलेल्या जाळ्यावरून चाललो होतो, एवढाच अपराध. संध्याकाळी त्याने चार बांगडे पाठवले. शिवी हा त्याचा नमस्कार होता, हे कळायला मला महिना लागला.

रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावर ओढण्यात आणि दारू पिण्यात त्याचा जन्म गेला. पन्नाशीत पोटात पाणी साचलं, डोळे पिवळे झाले. मालवणच्या डॉक्टरांनी दारू बंद केली आणि बजावलं, "लिव्हर बिघडलेल्याने जखम घेऊन पाण्यात उतरायचं नाही. साधा काटा लागला तरी जंतू रक्तात जातात."

"खाडयेन माका वाढवल्यान, ती माका मारतली? खुळो मेलो डॉक्टर!" सोमा म्हणाला.

एका सकाळी मी त्याच्या ओटीवर गेलो, तर सोमा म्हणाला, "या गुरुजी, बसा."

त्याची बायको पार्वतीवहिनी हरखली होती. "भराडीदेवीन गाऱ्हाणा ऐकल्यान, गुरुजी. कालपासून तोंडात एक गाळ नाय, शिवी नाय."

मलाही क्षणभर देवीबद्दल आदर वाटला. मग सोमा पुन्हा म्हणाला, "या, बसा." मी बसलेलोच होतो. तिसऱ्यांदा त्याने बसवल्यावर मी डॉक्टरांना आणायला सायकल काढली.

अंगात ताप नव्हता. पण हात गार, नाडी धावणारी, आणि पायात शेंगाळा माशाचा काटा रुतला होता तिथे काळंनिळं झालेलं. "तापाची वाट बघत बसला असता तर संपलं होतं," डॉक्टर म्हणाले. "रक्त दूषित झालं की अशांचं कधी कधी आधी डोकंच भरकटतं."

चौथ्या दिवशी इंजेक्शन टोचताना सोमा गरजला, "हळू रे, रांडेच्या!" पार्वतीवहिनी रडायलाच लागली. डॉक्टर खुशीत बॅग आवरू लागले.

तेव्हापासून ती रोज उठल्याबरोबर नवऱ्याची शिवी ऐकून मगच चूल पेटवी. दोन वर्षांनी ती धावत शाळेत आली. "गुरुजी, ह्ये माका 'तुम्ही' म्हणतत!" दोन दिवसांपूर्वी सोमा कालवं काढायला खाडीत उतरला होता. शिंपल्याने तळवा कापला, ते त्याने लपवलं होतं. या वेळी इंजेक्शनं लागू पडली नाहीत. शुद्ध जाण्याआधी तो डॉक्टरांना म्हणाला, "फार उपकार झाले आपले." डॉक्टरांनी मान खाली घातली.

शोकसभेत सरपंच म्हणाले, "कैलासवासी सोमाशेठ अत्यंत मृदुभाषी होते."

मागून पार्वतीवहिनीचा आवाज आला, "खोटा सांगतत! बरे आसताना ह्ये कधीच गोड बोलूक नायत."