गव्हाशी वैर

माझी मुलगी सहा वर्षांची होऊनही चार वर्षांची दिसायची. जेवली की पोट फुगायचं, जुलाब व्हायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचो, आणि तिथला जो तो जंताचं औषध सुचवायचा. शेवटी शहरात सदर भागातल्या एका डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा तपासून सांगितलं, हिला गहू चालत नाही, जन्मभर.

सोबत माझी आई होती. तिची सुजलेली बोटं बघून डॉक्टर म्हणाले, "आजीचा आमवात आणि नातीचं पोट, दोन्हींचं मूळ सारखंच. अंगात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यांची ओळख चुकते आणि त्या आपल्याच अंगावर धावून जातात. हिच्या पोटात गहू गेला की आतड्यावर, तुमच्यात सांध्यांवर. ही खोड बरेचदा रक्तातूनच येते."

"म्हणजे आमच्या गेटवरचा चौकीदार," आई म्हणाली. "चोराले सलाम ठोकते अन् साहेबाले अडवते."

डॉक्टर हसले, तिथेच चुकले. आईला वाटलं, आपल्याला सगळं समजलं. मूळ एक, तर औषधही एक. घरी येताच तिने आपलं सांध्यांचं तेल नातीच्या पोटाला चोळलं आणि स्वतः गहू सोडला. त्याने सांधे बरे होणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आईपुढे डॉक्टरांची काय बिशाद!

बायको आणि मी पोळीच खात होतो. त्या दोघींसाठी ज्वारीची भाकरी हवी. ती थापता यायची फक्त आईला, आणि आईची बोटं सकाळी वळायची नाहीत. बायको शिक्षिका, तिची शाळा सकाळची. उरलो मी. अख्खं टर्बाइन सांभाळणारा माणूस, पण भाकरी तव्यावर जाईपर्यंत हातातच फाटायची.

"पीठ मळून राहिला का त्याले मारून राहिला गा?" आई पाटावरून विचारायची. पोरगी खदखदून हसायची आणि ते तुकडे खायची. हळूहळू तिचे गाल भरले. मला इतका आनंद झाला की भाकरीचे चटकेही मी मिरवू लागलो.

आईची बोटं मात्र तशीच राहिली. भाकरी तोडतानाही ती कळवळायची. एक दिवस मी वैतागून म्हणालो, "डॉक्टर खरंच बोलले होते. तू आमच्यासोबत पोळी खा. पोरीचं ताट वेगळं वाढू."

"धम्मदीक्षेच्या आधी गावच्या पंगतीत लय जेवली मी वेगळी बसून," आई म्हणाली. "माह्या नातीले काहून बसवतं वेगळं?"

मी उठलो, गव्हाच्या पिठाचा डबा उचलला आणि शेजारी देऊन आलो.