गाडी कुठल्या गावची

घरात लग्न ठरायला लागलं की किस्से आपोआप साठतात. आमच्याकडं तसं गाडी ठरताना झालं. गाडी दारात यायच्या आधीच कुंडलातल्या आमच्या आळीला सगळ्या गोष्टी पाठ झाल्या होत्या, कारण बोलणी चालायची ती पुढच्या उघड्या सोप्यावर, आणि सोप्याला कुठलं आलंय दार.

संध्याकाळी चहाला बसणारी माणसं ठरलेली. माझा थोरला शिवाजी, फौजेतनं सुभेदार होऊन आला, म्हणून त्याला सगळे सुभेदारच म्हणतात. धाकटा दत्ता, ऊस बघतो. आणि शेजारचे श्रीपतराव, ज्यांना दुसऱ्याच्या घरातलं विचारल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

गाडी हवी होती माझ्या नातीला, सुभेदाराच्या तेजूला. मिरजेच्या एका दवाखान्यात ती लोकांचे आखडलेले हातपाय मोकळे करते. रोज स्कूटीवरनं जाणं-येणं. उसाच्या हंगामात एका ट्रॉलीनं तिला असं घासलं की स्कूटी चारीत आणि पोरगी बांधावर. खरचटण्यावर निभावलं. त्या दिवशी सुभेदारच म्हणाला, "दोन चाकं आता बंद. चारचाकी घे. छपरावर सोलर हाय, तर विजेवरचीच घे. पसंती तुझी. फकस्त चीनची नगं."

आणि तेजूच्या मनात नेमकी चीनचीच भरली होती.

सुभेदाराच्या डाव्या पायाची दोन बोटं नाहीत. वर चीनच्या सीमेवर बर्फात ड्यूटी होती, तिथं गेली. तो त्याबद्दल कधी बोलत नाही. गाडीचं निघालं तेव्हा एवढंच म्हणाला, "माझी दोन बोटं तिकडं ऱ्हायलीत. वर आणि पैसं कशाला देऊ?"



*

वस्तू घरात आली की सुभेदार ती आधी उलटी करतो. बूड बघतो. कुठं बनली ते बारीक अक्षरात तिथंच लिहिलेलं असतं म्हणे. टॉर्च, छत्री, माझी गरम पाण्याची पिशवी, सगळ्यांची बुडं बघून झालीत. दिवाळीला लाइटची माळ आमच्याकडं लागत नाही. पणत्याच.

एकदा गणपतीत थोरल्या सुनेनं, मंगलनं, सांगलीच्या बाजारातनं आरती म्हणणारं एक छोटं मशीन आणलं. आरती सुरू झाली, सगळे हात जोडून उभे, आणि सुभेदारानं चालू आरतीत ते उचलून उलटं केलं. बूड वाचलं. बटण बंद करून मंगलच्या हातात दिलं.

मंगल म्हणाली, "आवं, देवाचं हाय ते."

"देवाला चालत आसंल. मला न्हाई."

त्या वर्षी घरात पुरती आरती पाठ असणारी मी एकटी निघाले. माझा घसा बसला तो दसऱ्याला सुटला.

*

माझा भाऊ नामदेव आटपाडीकडनं आला होता. त्याचा जन्म खिलार बैल निवडण्यात गेला. चार जिल्ह्यांतली माणसं त्याला बाजारात सोबत न्यायची. तेजूनं त्याला मोबाइलवर आपल्या पसंतीच्या गाडीचा फोटो दाखवला. गाडी देखणी होती, खोटं कशाला बोलू. पाण्यातनं काढलेल्या गोट्यासारखी गुळगुळीत. डोळे म्हणजे नुसती एक उजेडाची रेघ.

नामदेवानं फोन लांब धरला, जवळ धरला.

"पोरी, हिला त्वांडच न्हाई."

"आजोबा, विजेच्या गाडीला पुढं जाळी लागत नाही. आत इंजिनच नसतं."

"त्वांड न्हाई तर खाती कुठनं?"

"मागनं. तिथं वायर लावायची."

नामदेवानं फोन परत दिला. "मागनं खाणारं जनावर मी आजवर कुणाला घिऊन दिल्यालं न्हाई."

सुभेदार खूश झाला. म्हणाला, "मामा, आणि गाव कुठलं तेबी इचारा की. खोंड घेताना तुमी आधी गाव इचारता."

"इचारतो की. आमच्या खडकावर वाढल्याल्या खोंडाचा खूर घट आसतो, म्हणून इचारतो. पण गाव आवडलं म्हणून दात बघायचं सोडत न्हाई, आणि गाव आवडलं न्हाई म्हणून चांगला खोंड सोडत न्हाई."

सुभेदाराचा चेहरा पडला. तेजू हसली. नामदेव दोघांकडं बघून म्हणाला, "माझ्याकडं बघू नगा. बिनतोंडाची मी घेणार न्हाई."

*

मग सांगलीला प्रत्यक्ष बघायला गेलो. पहिल्या शोरूमात तेजूच्या मनातली गाडी होती. सुभेदार आत आलाच नाही. रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती, तिथं बाकड्यावर बसला.

आत मंगल गाडीभोवती फेऱ्या मारायला लागली. शोरूमवाल्यानं विचारलं, "मॅडम, काय बघताय?"

"दार कसं उघडायचं ते बघतीया. हँडल कुठाय?"

हँडल दारातच लपलेलं. किल्ली जवळ नेली की आपसूक बाहेर येतं. मंगल म्हणाली, "हँडल कवा बाह्यार येतंय म्हणून दारात उभं ऱ्हायचं व्हय मी?"

मला मागं बसवलं. बॅटरी खाली असते म्हणून पाय ठेवायची जागा उंच. माझे गुडघे हनुवटीला आले. नऊवारीत असं बसणं म्हणजे काय ते शोरूमवाल्याला कसं सांगायचं. तो म्हणत होता, "आजी, आरामशीर आहे ना?" मी म्हटलं, "लय. आता उचलून बाह्यार काढ."

तेजू मात्र पुढं स्टेअरिंग धरून बसली होती. लहानपणी जत्रेतल्या घोड्यावर बसायची, तोच चेहरा. वर बघितलं तर गाडीचं छत अख्खं काचेचं. ऊन आत सांडलेलं.

तेवढ्यात तिची नजर रस्त्यापलीकडं गेली. बापाच्या हातात चहाचा कप तसाच होता. पीत नव्हता, इकडंच बघत होता.

तेजू उतरली. बाहेर जाऊन बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "नाही आवडली, बाबा. आत फार अंधार वाटतो."

सुभेदारानं त्या काचेच्या छताकडं बघितलं, मग पोरीकडं.

"चहा घे," म्हणाला.

*

दुसरी गाडी आपल्याकडच्या कंपनीची. ती बघायला जायच्या आदल्या दिवशी दत्तानं आम्हा बायकांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाला, "गाडी आपली आसली तरी आतल्या बॅटरीचं सेल चीनचंच हायत. मी इचारून आलोय. दादाला बोलू नगा."

बोलायची सोयच नव्हती. कळलं तर हा गाडीत पाय ठेवणार नाही आणि पोरगी परत स्कूटीवर, उसाच्या ट्रॉल्यांत.

शोरूमात सुभेदारानं उलटतपासणी सुरू केली. गाडी उलटी करता येत नाही म्हणून, नाहीतर तीही केली असती.

"पत्रा?"

"इथलाच, सर."

"काच?"

"इथलीच."

"शिटा?"

"इथल्याच."

"आणि बॅटरी?"

शोरूमवाल्यानं तोंड उघडलं. तेजूनं डोळे मिटले. दत्ता भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

मला चक्कर आली.

खुर्ची आणली, पाणी आणलं, मॅनेजर स्वतः पंखा वळवायला आला, लिंबू सरबत आलं. मी बरी होईपर्यंत बोलणं रंगावर गेलं होतं. मंगल रिक्षात माझ्या कानाला लागली, "आत्ती, सरबत आख्खं प्यालासा. चक्कर आल्याली माणसं हळू पित्यात."

*

गाडी आली. दिसायला साधी, चौकोनी. मंगलनं बघितल्या बघितल्या नाव ठेवलं, डबा. पण दाराला धड हँडल होतं आणि माझे गुडघे जाग्यावर राहत होते. तेजू म्हणाली, "छान आहे." पोरगी समजूतदार आहे, त्याचंच वाईट वाटतं कधी कधी.

तोंड हिलाही नव्हतंच. त्यामुळं पूजेला अडचण आली. ट्रॅक्टरला हार घालायची जागा असते, हिला हार अडकवायचा कशाला? शेवटी दत्तानं तो काचेवरच्या वायपरला बांधला. चाकांखाली चार लिंबं ठेवली. नारळ फुटला. श्रीपतरावांसकट सगळी आळी गोळा झालेली.

सुभेदार म्हणाला, "तेजू, चालू कर."

आत तेजूनं काहीतरी दाबलं. आम्ही सगळे आवाजाची वाट बघत उभे. गाडी पुढं सरकली, चारही लिंबं चिरडली, गाडी जाग्यावर थांबली, तरी सगळे आवाजाची वाट बघतच होते.

श्रीपतराव म्हणाले, "सुभेदार, चालू हुईना वाटतं. धक्का मारायचा काय?"

तेजूला खिडकीतनं ऐकू आलं, ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा हात वायपरच्या दांडीला लागला. हार सपकन या टोकाचा त्या टोकाला गेला, तिथनं सुटला आणि श्रीपतरावांच्या अंगावर. ते झेंडू झटकत राहिले.

सुभेदार म्हणाला, "बरं झालं. त्वांड सापडलं एकदाचं."

*

चार्जिंगची तार लावायचं ठिकाण दत्तानं गोठ्यात केलं. गोठा रिकामाच होता. बैल बांधायच्या मेढीवर पेटी ठोकली. संध्याकाळी तेजू आली की गाडी गोठ्यात लावायची, पेटीची तार ओढून गाडीला जोडायची. सुभेदार बघायचा, पण तारेला हात लावायचा नाही. मी मनात म्हणायची, याला वास तर लागला नसेल?

बाकी गाडीवर तो खूश दिसत होता. साताऱ्याला मंगलच्या माहेरी गेलो तेव्हा पुढं बसला होता. तिथं मंगलच्या भावानं मोठ्या उत्साहानं बॉनेट उघडायला लावलं. आत इंजिनाच्या जागी एक खोलगट डबा आणि त्यात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"आवं दाजी, हितं हाय तरी काय?"

मंगल म्हणाली, "भाकरी. आणि ठेचा हाय बाजूला."

त्यानं विचारलं, "गाडी कुठली म्हणायची मग?"

"आपली," सुभेदार म्हणाला. आम्ही तिघी बायका भाकरीचं फडकं सोडायला लागलो.

*

आणि एका संध्याकाळी श्रीपतराव हातात कप घेऊन म्हणाले, "सुभेदार, माझा जावई पुण्यात असल्याच गाड्यांच्या कारखान्यात हाय. त्यो सांगत हुता, नाव कुणाचंबी असू द्या, बॅटरी बहुतेकांची चीनची. तुमच्या गाडीची कुठली?"

मंगल चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. दत्ता छपराचे वासे मोजायला लागला. समोर गोठ्यात तेजू नुकती मिरजेहून आलेली, तार हातात धरून तशीच उभी. मला परत चक्कर आली असती, पण ती एकदा वापरून झालेली.

सुभेदारानं चहा संपवला. कप खाली ठेवला.

"चीनची."

"तुमाला म्हाईत हुतं?"

"आईला जन्मात कवा चक्कर आली न्हाई. शोरूमात आली. तवाच कळलं."

मी पदर सारखा केला. श्रीपतराव पुढं सरकले. "मग घेतलीसा कशी?"

"घेतली न्हाई. धरून आणली."

"म्हंजी?"

"कैदी हाय. सकाळी मिरजेला कामाव धाडायची, सांजचं आणून गोठ्यात बांधून घालायची."

तो उठला. डावा पाय जरा ओढत गोठ्यापर्यंत गेला, तेजूच्या हातातली तार घेतली आणि मागचं झाकण उघडून गाडीला लावली.

"कैद्याला उपाशी ठिवत न्हाईत, श्रीपतराव. फौजेचा कायदा हाय."