मावशींच्या चोराला कुठला टॅग लावू?

मंडळी, इथे कुणी फासे टाकून, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळणारं असेल तर वाचा. मी आज अडकलोय.

नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात मी यंत्रांचे पार्ट तपासतो. चांगल्याला हिरवा टॅग, दुरुस्तीला पिवळा, बाद झाला की लाल. घरी मी राजे-राक्षसांचा एक खेळ बनवतोय, त्यात खेळाडू सज्जन की दुर्जन हे ठरवायलाही तेच तीन टॅग ठेवलेत. खेळून बघायला मात्र कुणी नाही. मित्र सगळे पुण्याला गेले.

म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मावशींना गाठलं. त्या शनी शिंगणापूरच्या, त्यांच्या घराला आजही दार नाही.

म्हटलं, "मावशी, तुम्ही चोर आहात. बिनदाराचं घर आहे, आत सोन्याची मूर्ती आणि एकटी म्हातारी. काय करणार?" मूर्ती उचलली तर लाल, सोडली तर हिरवा, इतकं सोपं.

मावशी ताटं पुसत म्हणाल्या, "एकटीच हाय व्हय? मंग आदी इचारीन, जेवलीस का म्हनून."

"आणि मूर्ती?"

"ऱ्हाऊ दे ती. पोरं शहराकडं गेल्यापासनं आमच्या उघड्या घरात कुनी पाऊल टाकत न्हाई. चोर आला तरी च्या टाकीन मी."

टॅग माझ्या हातातच राहिले.

आता खोलीवर आलोय. सवयीने आतून कडी लावली, मग लक्षात आलं की दोन वर्षांत हे दार कुणी वाजवलेलंच नाही.

चोरी करायला येऊन म्हातारीजवळ बसणाऱ्याला तुम्ही कुठला टॅग द्याल? लिहा. येऊनच सांगितलंत तर आणखी बरं. कडी काढून ठेवलीय.