परचुरे बाईंचा अंगठा

परचुरे बाई इंग्रजी शब्द नुसता वाचत नसत, त्यावर अंगठा ठेवत. आधी पुढचा भाग झाकायच्या, मग मागचा, आणि मधे काय उरलं ते आम्हाला विचारायच्या. ‘होपलेस’मधलं ‘लेस’ झाकलं की आशा उरते, हे मी सातवीत त्यांच्याकडे शिकलो. “शब्दाचं शेपूट दाबलं की तो आपणहून बोलतो,” असं म्हणायच्या. कुणी ‘अनपॉसिबल’ म्हणालं की चष्म्यावरून बघत, “आपल्या बाबतीत तेही शक्य आहे.”

निवृत्त झाल्यावर त्या आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या. बँकेचं पत्र येवो की रक्ताचा रिपोर्ट, लोक आधी बाईंकडे. ‘आयटिस’ म्हणजे सूज, घाबरता काय, असं दटावून त्या वाटेला लावायच्या. त्यांचं सहसा बरोबर यायचं. तीच पंचाईत झाली.

बाबांच्या मानेला गाठ आली होती. तिचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं स्वारगेटहून घरी आलो. डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होते, पण बाबांना दम निघेना. त्यांनी बाईंची बेल वाजवली. बाईंनी ‘लिम्फोमा’वर अंगठा ठेवला. ‘ओमा’ म्हणजे गाठ, ‘लायपोमा’ म्हणजे चरबीची गाठ, ती माझ्याही दंडावर वीस वर्षं आहे, असं म्हणत त्यांनी बाही वर करून दाखवली. “साधी गाठ आहे हो. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका.” बाबांचा चेहरा असा खुलला, काय सांगू! दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. रिपोर्ट कपाटात गेला.

पाच महिन्यांनी धाप लागायला लागली, तेव्हा गेलो. इतके दिवस कुठे होतात, एवढंच डॉक्टरांनी विचारलं.

बाईंना कळलं तशा त्या वर आल्या. बस म्हटलं तरी बसल्या नाहीत. आईला म्हणाल्या, “वहिनी, उशीर माझ्यामुळे झाला.” पुढच्या महिन्यात बाबा गेले.

त्यानंतर बाईंनी कुणाचा कागद हातात घेतला नाही. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई दारातच सांगायची, मला वाचता येत नाही, डॉक्टरांकडे जा.

गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो. “तुझ्या वडिलांना मी मारलं रे,” त्या म्हणाल्या.

खरं म्हणजे त्या दिवशी बाईंच्या दारातून निघाल्यावर, जिन्यातच, मी मोबाइलवर तो शब्द शोधला होता. कॅन्सर असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढे बाबा गुणगुणत पायऱ्या चढत होते, कित्येक दिवसांनी. उद्या सांगू म्हटलं. उद्याचं परवा झालं. मग बाई एवढ्या शिकलेल्या, त्यांचंच बरोबर असणार, असं मी स्वतःला पटवलं.

हेच सांगायला मी बाईंकडे गेलो होतो. त्यांनी पाणी मागितलं, ते दिलं आणि घरी आलो. भित्रेपणा, दुसरं काय! आठवड्याभरात त्या गेल्या.

आई अजूनही बाईंनाच दोष देते. मी समोर बसून ऐकून घेतो.